हिरालालची चूप

वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर भर दुपारी अधूनमधून सगळं एकदम गप्प व्हायचं. पंक्चरवाल्या नत्थूजीचा कॉम्प्रेसर थांबायचा, चहाच्या टपरीवर वाजणारा मोबाइल बंद व्हायचा, वेल्डिंगवाला हातातली कांडी खाली ठेवून उगाच आभाळाकडे बघत उभा राहायचा. नवखं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "कोनी गेलं का इथलं?" टपरीवाला हसायचा. "नाई जी. हिरालालची चूप हाय. दोन मिनिटं दम धरा."

हिरालाल साटोणे हा गाड्यांचा मिस्त्री. वय पंचावन्न, अंग तुराटीसारखं वाळकं, आणि तोंड असं की गिऱ्हाइकाने पैसे देऊन वर शिव्या खाव्यात. तरी देवळी, पुलगाव, हिंगणघाटपासून लोक टर्बोच्या डिझेल गाड्या घेऊन त्याच्याकडेच यायचे. गाडी ओढत नाही, चढावर दम टाकते, मागून काळा धूर सोडते, अशी तक्रार असली की बाकीचे मिस्त्री सामान बदलत सुटत. हिरालाल आधी कान लावायचा.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ती हवा जाड रबरी पाइपांतून जाते, आणि पाइपाला कुठे चीर पडली की वाटेतच निसटते. याखेरीज एक बारीक नळी असते, तिचं काम उलटं. तिच्यातली हवा पंपाने ओढून घेतलेली असते. त्या ओढीवर टर्बोचा दांडा हलतो आणि त्याच ओढीवर ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ राहतं. हिरालाल गिऱ्हाइकाला हे दोन वाक्यांत समजावायचा, "एक नळी फुकते, एक नळी ओढते. कोनाचाही दम सुटला का गाडी बेकार."

गळती शोधायची त्याची रीत ठरलेली. हवेच्या पाइपाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवायचं, त्यातल्या व्हॉल्व्हमधून नत्थूजीच्या कॉम्प्रेसरची हवा भरायची, आणि मग ओरडायचं, "चूप!" सगळा नाका गप्प झाला की हातभर रबरी नळीचं एक टोक कानात घालून, डोळे मिटून, दुसरं टोक पाइपांवरून फिरवायचं. ओढणाऱ्या नळीसाठी इंजिन हळू चालू ठेवून तसंच ऐकायचं. थोड्या वेळाने बोट टेकायचं. बोट टेकलं तिथेच चीर निघायची. दुसरे मिस्त्री साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघत. हिरालालला त्याचं हसू यायचं. म्हणायचा, "ज्याले आयकू येत नाई त्यानं फेस पाहावा." बाप त्याचा जिनिंग फॅक्टरीत फिटर होता, चालत्या यंत्रांच्या गदारोळातून कोणता रोलर तापलाय ते आवाजावरून सांगायचा. कान ही घराण्याची इस्टेट आहे असं हिरालालला वाटायचं. आता इस्टेट म्हटली की ती उडवणारा वारस घरातच असतो, हेही खरं.

कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. माणसांचं बोलणं ऐकू येतं, ट्रकचा भोंगा ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटतं की सगळंच ऐकू येतंय. हिरालालची बायको सुमित्रा हिला हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. एकदा ती शेजारी गेलेली असताना कुकर शिट्ट्या देऊन देऊन आतली डाळ करपली, आणि हा हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होता.

"अजी, सिट्टी आयकू नाई आली तुमाले?"

"ध्यान नोतं."

"आठ सिट्ट्या झाल्या. ध्यान कायले पाहिजे त्याले?"

"आता डाळीसाठी कोर्टात नेतं का मले?" असं म्हणून तो उठून गेला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणावं तर ते खोटं होईल. ठाऊक होतं असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. मनाच्या ज्या खोलीत असल्या गोष्टी ठेवतात तिथे त्याने ती ठेवली आणि दार ओढून घेतलं.

दिवाळीनंतर रजत आपली सात माणसांची गाडी घेऊन आला. रजत आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, वय एकतीस. ही गाडी तो भाड्याने चालवायचा, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट, जे मिळेल ते. स्वभावाने गरीब. गाडीला हात लावायच्या आधी स्वतःचे हात पुसणारा. हिरालाल त्याच्यावर ओरडायचा तेवढा दुसऱ्या कोणावर ओरडत नसे, आणि नाक्यावर याचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

गाडी ओढत नव्हती. चूप झाली, हवा भरली, आणि हिरालालने दोन मिनिटांत जाड पाइपाची चीर पकडली. भसाभसा हवा जात होती, ती बहिऱ्यालाही कळली असती. पाइप बदलला. मग इंजिन चालू करून त्याने ओढणाऱ्या नळीवर कान लावला, टोकापासून टोकापर्यंत, आणि मान हलवली. ठीक आहे.

रजत बॉनेटवर वाकून उभा होता. तो भीतभीत म्हणाला, "काकाजी, अजून बारीक सूंऽ करून येऊन राह्यलं. ह्या ब्रेकच्या बाजूनं."

"तो टर्बोचा आवाज हाय."

"टर्बोचा वेगळा येते ना जी. हा लय बारीक हाय."

"कान माह्या का तुह्या बे?" हिरालाल कडाडला. "तीस वर्स झाले मले. तू काल स्टेअरिंग धरलं अन मले शिकवतं?"

नत्थूजी हसला, टपरीवाला हसला, रजतही ओशाळून हसला. आवाज त्याला ऐकू येत होता. पण हिरालालकाकाला येत नाही म्हणजे तो नसणारच, असं धरून तो गाडी घेऊन गेला. साबणाच्या पाण्याचा मग दोन हातांवर, वेल्डिंगवाल्याच्या ओट्यावर पडला होता. दहा रुपयांचा साबण. तो लावला असता, तर फेस चिरेत ओढला जाताना दिसला असता आणि ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती, आणि मला अजून याचा राग येतो.

पौषातल्या संकष्टीला रजत आपल्या आईला, रुख्माबाईला, केळझरच्या गणपतीला घेऊन गेला. त्याचे वडील बापूजी तुरीच्या राखणीला घरीच थांबले होते. दर्शन झालं. परतताना उतारावर रजतने दोन-तीनदा ब्रेक मारला तेव्हा लागला. खाली वळणावर कापसाने लादलेली ट्रॉली उभी होती. तिथे त्याने पुन्हा ब्रेक मारला तर पेडल दगडासारखं घट्ट, खाली जाईचना. गाडी डाव्या अंगाने ट्रॉलीच्या मागे घुसली. डाव्या अंगाला रुख्माबाई बसली होती, प्रसादाचा नारळ ओटीत घेऊन. रजतच्या खांद्याचं हाड मोडलं. ती जागेवरच गेली.

पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी लिहिलं की ब्रेकचं तेल शाबूत, चाकांचे ब्रेक शाबूत. पेडल घट्ट होतं, पण इंजिन बंद असलेल्या कोणत्याही गाडीचं ते घट्टच असतं आणि ही गाडी तर पुन्हा चालू होणारच नव्हती. साहेबांचंही काही चुकलं नाही. आर्वी नाक्यावर बातमी आली तेव्हा हिरालाल चहा पीत होता. हळहळला. मग बशी खाली ठेवत म्हणाला, "चांगला होता पोट्टा. पन आजकाल हे सारे मोबाइल पाहत गाडी चालवते." ते वाक्य नाक्यावरून रोहण्यापर्यंत चार दिवसांत पोचलं. हिरालालसारखा जाणता माणूस म्हणतो म्हटल्यावर त्याला वजन आलं.

तेरवीच्या दिवशी मंडळी उठल्यावर बापूजींनी मुलाला सगळ्यांदेखत एकच प्रश्न विचारला. "तू ब्रेक मारलता का नाई?" रजत म्हणाला, "मारलता बाबा." "मंग गाडी थांबली काऊन नाई?" त्या दिवसापासून बापूजी त्याच्याशी बोलले नाहीत. ताट समोर यायचं, पाण्याचा तांब्या यायचा, पण बापाचा शब्द येत नव्हता. एका घरात दोन पुरुष आणि मध्ये फोटोतली रुख्माबाई.

मार्च उजाडला. रजत नाक्यावर आला तो ओळखू येईना. गालफडं बसलेली, खांदा एका बाजूला झुकलेला. म्हणाला, "काकाजी, एकडाव गाडी पाहून घ्या. ठान्यात उभी हाय. तुमी म्हणसान तेच मी मानीन. मले आता काहीच आठवत नाई. कधी वाटते मारलता, कधी वाटते घाबरून पाय क्लचवरच होता."

हिरालाल गेला. ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या पलीकडे, ती गाडी उन्हात पडली होती. अर्धं बॉनेट आत गेलेलं. सीटवर नारळाच्या शेंड्या तशाच होत्या. त्याने वाकून ओढणारी नळी चाचपली. ब्रेकला ओढ पोचवणाऱ्या डब्याजवळ, क्लॅम्पच्या अगदी लगत, बोटाच्या पेराएवढी चीर होती. त्याने ती फाकवून आत बघितलं. ठोकरीत फाटलेलं रबर आतून स्वच्छ, काळंशार असतं. या चिरेच्या आत तेलकट धूळ बसली होती, थरावर थर, चालत्या इंजिनातच बसते तशी, महिन्यांची. दिवाळीनंतर त्याने कान लावला तेव्हा ती तिथेच होती, लहान असेल एवढंच. सूंऽ करत होती. पोराला ऐकू आली होती.

"काय जी ते?" मागून रजतने विचारलं. "नळी फाटली काय?"

"ठोकरीत फाटली," हिरालाल म्हणाला. शब्द त्याच्या आधी त्याच्या तोंडाने ठरवले होते. "ब्रेकमंदी काही दोष नोता."

रजतने मान डोलावली. रडला नाही, चिडला नाही. "बरं," म्हणाला, आणि परत येताना रसवंतीवर थांबून त्याने हिरालालला उसाचा रस पाजला.

घरी आल्यावर त्याने सुमित्राला सगळं सांगितलं, कारण सहन होत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. ती बराच वेळ गव्हातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "सांगून त्याची माय परत येनार हाय काय? झाकली मूठ राहू द्या." वाईट बाई नव्हती ती. बत्तीस वर्षांचा संसार त्या कानांवर चालला होता आणि ती घाबरली होती. हिरालालला तिचं ऐकायचंच होतं, म्हणून ते त्याला लगेच पटलं. पण त्यानंतर त्याने चूप करणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, टर्बोचं काम बंद केलं, दुसरीकडे जा. नाका कुजबुजू लागला की हिरालालला कसला तरी गर्व झालाय.

एप्रिलमध्ये एका सकाळी नत्थूजी ट्यूबला ठिगळ लावता लावता सहज बोलला. त्याची बहीण रोहण्याला दिलेली. "तो रजत परवाच्या तारखेले गुन्हा कबूल करनार हाय म्हन्ते. वकील नाई म्हन्ते, पन तो आयकूनच नाई राह्यला. म्हन्ते माह्या मायले मीच मारलं, मंग कायची तारीख अन कायचा वकील." हिरालालच्या हातातला पाना खाली पडला. पाना जाड आवाज करतो. तो त्याला ऐकू आला.

त्याने त्याच क्षणी रजतला फोन लावून बोलावलं. दुपारी रजत मोटारसायकलवर आला. हिरालालने त्याला शेडमध्ये बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. चीर जुनी होती. आतमध्ये धूळ होती. मी खोटं बोललो. तुला आवाज आला होता तो खरा होता. मला बारीक आवाज ऐकू येत नाही.

रजतने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून हिरालाल हबकला. ती दया होती.

"काकाजी, तुमीही?" रजत म्हणाला. "मावशी म्हन्ते गनपतीनं बोलावून घेतलं. सरपंच म्हन्ते तिचं भरलं होतं. आता तुमी नळी म्हन्ता. साऱ्याइले मी मरून जाईन असं वाटून राह्यलं, म्हनून मले समजावता. नोका समजावू."

"अरे खरं हाय ते!"

"त्या दिवशी ठोकरीत फाटली म्हनले, ते खरं होतं. तुमचा कान कधी चुकला जी? सारा जिल्हा मानते." तो उठला. "येतो मी. तुमचे उपकार हायेत."

तीस वर्षं हिरालालने जे नाव कमावलं ते आता दारात आडवं उभं होतं आणि खऱ्याला बाहेर जाऊ देत नव्हतं. त्याने रजतचा हात धरला आणि ओढतच नत्थूजीच्या कॉम्प्रेसरपाशी नेलं. तोंडाशी कॉकची तोटी असलेला हवेचा पाइप त्याच्या हातात दिला. "मी तिकडं तोंड करून उभा राह्यतो. तुह्या मनात येईन तवा हा कॉक उघडजो. लय नाई, केसभर. आवाज आला का मी हात वर करीन." मग रस्त्याच्या मधोमध जाऊन, जन्मात ओरडला नसेल एवढ्या जोरात ओरडला, "चूप!"

महिन्याभराने चूप झाली होती. वेल्डिंगवाला थांबला, टपरी थांबली. एक ऑटोवाला भोंगा वाजवायला गेला तर नत्थूजीने त्याला दटावलं. हिरालाल पाठमोरा उभा राहिला, डोळे मिटून, हात खाली. ऊन डोक्यावर होतं. तो वाट बघत राहिला. घामाचा ओघळ पाठीवरून गेला. पोरगा अजून उघडत कसा नाही, असं त्याला वाटलं. घाबरतो की काय. त्याने न वळताच म्हटलं, "उघड ना बे."

तो परत म्हणाला, "उघड म्हन्तो ना."

मग त्याच्या खांद्यावर हात पडला. नत्थूजी होता. नत्थूजीचा चेहरा मयताला आलेल्या माणसासारखा झाला होता. "हिरालाल," तो म्हणाला, "कवाचा चालू हाय."

हिरालाल वळला. सगळा नाका त्याच्याकडे बघत होता आणि एकेक जण नजर वळवत होता. पाच हातांवर रजत उभा होता. हातातला पाइप अजून उघडाच, आणि समोरची धूळ बारीक उडत होती. त्याच्या तोंडावरची दया पुसली गेली होती.

"म्हन्जे मी मारलता," तो म्हणाला.

"मारलता."

"जोरानं मारलता. माय म्हने थांबव, थांबव, अन मी दाबूनच राह्यलो होतो काकाजी. दाबूनच राह्यलो होतो." एवढं बोलून तो खाली बसला, ऑइलने काळ्या झालेल्या मातीत, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आईसाठी रडला. आजवर तो फक्त आपल्या गुन्ह्यासाठी रडला होता. दोन्ही रडण्यांत फार फरक असतो. नत्थूजीने कॉक बंद केला.

मग रजत उठला. टपरीवरच्या पाण्याने तोंड धुतलं. हिरालाल म्हणाला, "चाल, रोहण्याले जाऊ. बापूजीले मी सोता सांगतो. पाय धरतो त्याइचे."

रजतने त्याच्याकडे बघितलं. या पोराने आजवर हिरालालकडे कधी असं सरळ बघितलं नव्हतं. "नाई," तो म्हणाला. "तुमी बाबाकडं नोका येऊ. माहा बाप भोळा हाय. तुमी पाय धरसान तर तो तुमाले माफ करन. मले तुमाले माफ झालेलं पाहाचं नाई."

रजतने खिशातून मोटारसायकलची चावी काढली.

"ठान्यात चाला. आताच. जे इथं सांगतलं ते तिथं लिहून द्या. दिवाळीनंतर मी आवाज सांगतला होता, तेही लिहा."

"तेही लिहितो."

रजतने मोटारसायकल चालू केली आणि मागे वळून न बघता निघून गेला. मागची सीट रिकामी होती. हिरालालने शेडचं शटर ओढलं, सुमित्राला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल, आणि पोलीस ठाण्याकडे जाणारी एसटी पकडायला स्टँडच्या दिशेने पायी चालू लागला.